अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्या हिंसेचा तो फिरणारा तक्ता

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत ब्लॅक माणसांनी गोऱ्यांवर केलेले हल्ले वर्षाला साडेपाच लाख आणि गोऱ्यांनी ब्लॅक माणसांवर केलेले फक्त साठ हजार, असा एक तक्ता सगळीकडे फिरतोय, तो खरा आहे का, आणि खरा असेल तर तिथली वर्णद्वेषाची सगळी चर्चा उलटीच चाललीये असं म्हणायचं का. सोबत हेही लिहिलंय की गोऱ्यावर हल्ला झाला की हेट क्राइम, म्हणजे वंश-धर्माच्या द्वेषातून केलेला गुन्हा, असं कलम लावत नाहीत आणि मीडिया गोऱ्या पीडितांना दाबतो. मी तिथल्या एका शहराच्या पोलीस खात्यात बरीच वर्षं क्राइम अ‍ॅनालिस्ट होतो, आता पत्रकारांना आणि नगरसेवकांना हेच आकडे कसे वाचायचे ते शिकवतो, त्यामुळे हा तक्ता माझ्याकडे सारखा येत असतो. उत्तर लांबणार आहे, कारण या विषयात दोन ओळींचं उत्तर दिलं की ते लगेच कुणीतरी कुणाच्या तरी डोक्यात घालायला वापरतं.

पहिली गोष्ट, आकडा खरा आहे. तो २०१८ सालचा आहे, अमेरिकेच्या न्याय खात्याच्या ब्युरो ऑफ जस्टिस स्टॅटिस्टिक्सने काढलेला. गोऱ्या माणसांवर झालेल्या हिंसक घटना साधारण ३५ लाख ८१ हजार, त्यातल्या १५.३ टक्के घटनांमध्ये हल्लेखोर ब्लॅक होता, म्हणजे ५ लाख ४८ हजाराच्या आसपास. ब्लॅक माणसांवर झालेल्या घटना ५ लाख ६४ हजार, त्यातल्या १०.६ टक्क्यांत हल्लेखोर गोरा, म्हणजे साठ हजाराला थोडे कमी. सो कुणी हा तक्ता बनावट आहे म्हणून उडवून लावत असेल तर त्यालाही थांबवा, तो सरकारी आहे आणि गुणाकार बरोबर आहे.

पण त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने आहेत जे फिरणाऱ्या फोटोत कापलेले असतात. गोऱ्यांवर हल्ला करणारे ६२.१ टक्के गोरेच होते. ब्लॅक माणसांवर हल्ला करणारे ७०.३ टक्के ब्लॅकच होते. म्हणजे गोऱ्याने गोऱ्याला मारल्याच्या घटना बावीस लाखांच्या वर आहेत आणि त्यावर कधी कुणी पोस्ट टाकत नाही, कारण त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही नाही, नवरा-बायको, शेजारी, बारमधली भांडणं, शाळेतली पोरं, ओळखीतली माणसं.

आता हा आकडा येतो कुठून ते बघा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. हा पोलिसांचा आकडा नाहीच. हा सर्व्हे आहे, नॅशनल क्राइम व्हिक्टिमायझेशन सर्व्हे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. दरवर्षी दीड लाखाच्या आसपास घरं, १२ वर्षांवरची सगळी माणसं, दर सहा महिन्यांनी विचारतात की गेल्या सहा महिन्यांत तुमच्यावर काही हल्ला, लूटमार, धमकी असं काही झालं का. पोलिसात न गेलेल्या गोष्टी यात पकडल्या जातात, हा त्याचा मोठा फायदा. पण यातली निम्म्याहून जास्त हिंसा ज्याला तिथे सिंपल असॉल्ट म्हणतात ती असते, म्हणजे हत्यार नाही, गंभीर इजा नाही, ढकलाढकली, थप्पड, ‘बघून घेतो’ टाइप धमकी. हल्लेखोराचा रंग म्हणजे पीडिताला जो वाटला तो. आणि खून यात एकही नाही, कारण मेलेल्या माणसाला सर्व्हेवाला प्रश्न विचारू शकत नाही. तरी फोटोखाली कॅप्शन असते ‘साडेपाच लाख गोऱ्यांचा बळी’.

इथे एक गोष्ट सांगतो जी चांगल्या हेतूने बोलणारे लोकही चुकीची सांगतात. ते म्हणतात, अहो गोरे लोकसंख्येने पाचपट आहेत म्हणून ब्लॅक हल्लेखोराला गोरा जास्त भेटतो, बाकी काही नाही. ऐकायला पटतं, पण गणित करून बघा. समजा गावात १००० माणसं, ६२० गोरे, १२० ब्लॅक, बाकी इतर, आणि दोन्ही गटांत हाणामाऱ्या करणाऱ्यांचं प्रमाण सारखं, आणि समोर जो येईल त्याला मारायचं, रंग बघायचा नाही. ब्लॅक हल्लेखोरांच्या वाटेला गोरा येण्याचा हिशोब १२० गुणिले ०.६२, गोऱ्या हल्लेखोरांच्या वाटेला ब्लॅक येण्याचा हिशोब ६२० गुणिले ०.१२. दोन्हीचं उत्तर ७४.४. म्हणजे नुसत्या लोकसंख्येच्या फरकाने टक्केवारी वेगळी दिसेल, पण घटनांची संख्या दोन्हीकडे सारखीच यायला हवी होती. ती सारखी नाहीये, नऊपट आहे. तेव्हा ‘लोकसंख्येमुळे होतं’ हे उत्तर इथे पुरत नाही, आणि आपण असं अर्धवट उत्तर दिलं की समोरचा गणित करून येतो आणि मग आपलं पुढचं काहीच ऐकत नाही.

मग फरक कशाने? एक तर हिंसक घटनांमध्ये ब्लॅक हल्लेखोरांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे खरंय आणि ते स्पष्ट बोलायला हवं. त्याच २०१८ च्या सर्व्हेत सगळ्या हिंसक घटनांपैकी साधारण २२ टक्क्यांत हल्लेखोर ब्लॅक होता, लोकसंख्येत वाटा १२-१३ टक्के. खुनाच्या अटकांमध्ये तर २०१९ साली निम्म्याहून थोड्या जास्त अटका ब्लॅक माणसांच्या होत्या. याचं कारण काय त्याच्याकडे येतो. दुसरं म्हणजे लूटमार. बाकीची हिंसा ओळखीच्या माणसात होते, लूटमार अनोळखी माणसाची आणि ज्याच्याकडे पैसे असतील असं वाटतं त्याची होते, त्यामुळे वंशाची रेष ओलांडणारा हा गुन्हा नेहमीच जास्त असतो आणि पैसा कुठल्या बाजूला आहे ते अमेरिकेत सगळ्यांना माहितीये. तिसरं, ब्लॅक पीडित आणि गोरा हल्लेखोर हा रकाना सर्व्हेत इतक्या थोड्या मुलाखतींवर उभा असतो की तो वर्षावर्षाला बराच हलतो, एका वर्षाचा आकडा उचलून त्याचं गुणोत्तर छापणं मला तरी धोक्याचं वाटतं.

आणि ‘गोऱ्यांना टिपून मारतात’ हा जो आरोप असतो त्याची तपासणी याच तक्त्यात करता येते. फक्त ब्लॅक आणि गोरे पीडित घेतले तर ब्लॅक हल्लेखोरांच्या घटनांमध्ये गोरा पीडित ५८ टक्के वेळा आहे. या दोन गटांच्या एकत्र लोकसंख्येत गोरे आहेत साधारण ८४ टक्के. टिपून मारत असते तर हा आकडा ८४ च्या वर जायला हवा होता, तो बराच खाली आहे. गोऱ्या हल्लेखोरांचा ब्लॅक पीडिताचा आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास, लोकसंख्येच्या हिशोबाने १६ यायला हवा. म्हणजे दोन्हीकडची हिंसा आपापल्या माणसांतच जास्त राहते, गोऱ्यांची तर फारच, कारण तिथे राहण्याच्या जागाच वेगळ्या आहेत.

आता खुनाकडे या, कारण खुनाचा डेटा सगळ्यात घट्ट असतो, प्रेत लपत नाही. एफबीआयचा २०१९ चा तक्ता, एक पीडित एक आरोपी आणि दोघांचा वंश माहिती अशा केसेस. गोरे पीडित ३,२९९, त्यातले २,५९४ गोऱ्यांनी मारलेले, ५६६ ब्लॅक माणसांनी. ब्लॅक पीडित २,९०६, त्यातले २,५७४ ब्लॅक माणसांनी मारलेले, २४६ गोऱ्यांनी. नऊपट कुठे गेली? इथे फरक सव्वादोन पटीचा आहे. (या तक्त्यात हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे, लोक बहुतेक गोऱ्यांमध्येच मोजलेले असतात, सर्व्हेत वेगळे असतात, त्यामुळे दोन तक्ते एकमेकांना जोडू नका, फार जण जोडतात.)

याच चार आकड्यांतून मी ट्रेनिंगमध्ये नेहमी दोन हेडलाइन काढून दाखवतो. पहिली: ब्लॅक माणसं गोऱ्यांना मारतात ते उलट प्रकारापेक्षा दुपटीहून जास्त, ५६६ विरुद्ध २४६. खरी. दुसरी: गोऱ्या माणसाकडून मारलं जाण्याचा ब्लॅक माणसाचा धोका हा ब्लॅक माणसाकडून मारलं जाण्याच्या गोऱ्याच्या धोक्यापेक्षा दुपटीहून जास्त. तीही खरी. गोरे साधारण २५ कोटी, ५६६ भागिले २५ कोटी म्हणजे दहा लाखांत दोन-सव्वादोन. ब्लॅक साधारण ४ कोटी ४० लाख, २४६ भागिले तेवढे म्हणजे दहा लाखांत साडेपाच. अंश तेच, भाजक बदलला. एकाने विचारलं ‘मारणारा कोण’, दुसऱ्याने विचारलं ‘मरायची भीती कुणाला जास्त’. रोज टीव्हीवर दोन बाजू एकमेकांना खोटारडे म्हणत असतात तेव्हा बऱ्याचदा दोघांच्या हातात एकच पान असतं.

आणि तिसरा भागाकार कुणीच करत नाही. २,५७४ भागिले ४ कोटी ४० लाख, दहा लाखांत ५८. हा आकडा माझ्या लेखी त्या पानावरचा सगळ्यात मोठा आकडा आहे आणि वादात त्याची आठवण फक्त टोमणा मारायला निघते, ‘मग ब्लॅक-ऑन-ब्लॅकचं काय’ म्हणून. वस्तीतल्या मीटिंगा मी खूप केल्यात. स्लाइडवर वंशाचे रकाने असतात, मागे बसलेली एखादी आई उठते आणि विचारते, माझ्या मुलाच्या केसचं काय झालं. तिला आरोपीचा वंश नको असतो, तिला आरोपी हवा असतो. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत खुनाच्या निम्म्या ते साठ टक्केच केसेस उलगडतात, आणि गरीब ब्लॅक वस्त्यांमध्ये साक्षीदार पुढे येत नाहीत कारण पोलिसांवर भरवसा नाही, आणि भरवसा नाही म्हणून केस उलगडत नाही, आणि उलगडत नाही म्हणून कुणीतरी स्वतःच बदला घेतं, म्हणजे पुढचा खून. हे चक्र मी फायलींमध्ये वाचलंय, एका फाइलमधला मृत हा आधीच्या फाइलमधला संशयित असतो.

आता प्रमाण जास्त का, हा प्रश्न. इथे एक गट म्हणतो रक्तातच आहे, दुसरा म्हणतो हा प्रश्न विचारणंच पाप आहे. दोन्ही मला मान्य नाही. १९३० च्या दशकात सरकारी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे काढले आणि ब्लॅक वस्त्या लाल रंगवल्या, त्या भागांत घरकर्ज मिळणं जवळपास बंद झालं. घर हेच तिथल्या मध्यमवर्गाची पिढीजात पुंजी, तीच अडवली. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायला बंदी घालणारा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्युथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. तोवर वस्त्या घट्ट बसल्या होत्या, आणि मग त्याच वस्त्यांतले कारखाने बंद पडले. रॉबर्ट सॅम्प्सन आणि विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं की हिंसेची मुळं दोन्ही वंशांत सारखीच आहेत, बेकारी, विस्कटलेली घरं, एकमेकांवर लक्ष ठेवणारे शेजारी नसणं, फक्त या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी साठलेल्या अशा वस्तीत गोरे जवळपास राहतच नाहीत. म्हणजे ‘गरीब गोरे का नाही करत’ ही तुलना करायला शहरात तशी गोरी वस्ती सापडतच नाही.

वस्ती हा शब्दसुद्धा मोठाच आहे. बॉस्टनमध्ये १९८० ते २००८ चे गोळीबार रस्त्याच्या तुकड्यांवर मांडले तेव्हा शहरातल्या ३ टक्क्यांहून कमी तुकड्या-चौकांत निम्म्याहून जास्त गोळीबार निघाला. त्याच शहरात १९९६ मध्ये ऑपरेशन सीझफायर सुरू झालं, पोलीस, प्रोबेशन ऑफिसर, चर्चची माणसं यांनी मिळून मोजक्या टोळ्यांतल्या पोरांना समोर बसवून सांगितलं की आता गोळी चालली तर पूर्ण टोळीवर कारवाई, आणि बाहेर पडायचं असेल तर हे बघा काम, हा बघा समुपदेशक. तरुणांचे खून महिन्याच्या सरासरीने ६३ टक्के घटले. वंश तोच, रस्ते तेच. वंश हे कारण असतं तर हे झालं नसतं, मी यावर ठाम आहे.

हेट क्राइमकडे येऊ, कारण ‘गोऱ्यावर झाला की हेट क्राइम लावत नाहीत’ हे तुम्हीही लिहिलंय. प्रत्यक्ष काम कसं चालतं सांगतो. पोलिसाने रिपोर्ट भरला की त्यात एक रकाना असतो, पूर्वग्रहाचा हेतू. तिथे आकडी कोड टाकायचा. ११ म्हणजे गोऱ्यांविरुद्ध, १२ म्हणजे ब्लॅक माणसांविरुद्ध, १४ आशियाई, ८८ म्हणजे असा काही हेतू नाही, ९९ माहिती नाही. पार्किंगवरून दोघे भांडले, हाणामारीत एकाने दुसऱ्याच्या रंगावरून शिवी दिली, आता काय टाकणार? नुसती शिवी पुरत नाही, एफबीआयच्या नियमात हल्ला पूर्ण किंवा अंशतः त्या द्वेषातूनच झाला असा पुरावा लागतो. जागेवरच्या पोलिसाने संशय म्हणून खूण करायची आणि नंतर दुसऱ्या, ट्रेनिंग झालेल्या माणसाने तपासून ठरवायचं. छोट्या खात्यात हा दुसरा माणूसच नसतो. मग पडतं ८८. देशातल्या बहुतेक पोलीस एजन्सी वर्षाचे हेट क्राइम शून्य कळवतात. एफबीआयकडे २०२३ मध्ये ११,८६२ घटनांची नोंद आली, आणि पीडितांच्या सर्व्हेत २००४ ते २०१५ ची सरासरी वर्षाला अडीच लाख, त्यातल्या निम्म्याहून जास्त पोलिसांपर्यंत गेलेल्याच नाहीत. एवढी दरी असताना कुणाचे हेट क्राइम दाबले जातात यावर भांडायचं तर आधी सगळ्यांचेच बुडतात हे मान्य करा. शिखांविरुद्ध, हिंदूंविरुद्ध, अरबांविरुद्ध असे वेगळे कोड २०१५ पासून आले, २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला तेव्हा त्या फॉर्ममध्ये शिखांसाठी रकानाच नव्हता.

आणि कायदा एकतर्फी आहे म्हणणाऱ्यांनी १९९३ चा विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल निकाल वाचावा. केनोशा शहरात १९८९ मध्ये काही ब्लॅक तरुणांनी रस्त्याने जाणाऱ्या १४ वर्षांच्या गोऱ्या मुलाला तो गोरा आहे म्हणून निवडून बेदम मारलं, तो काही दिवस कोमात होता. टॉड मिचेलला वंश बघून पीडित निवडला म्हणून जास्त शिक्षा झाली, एरवी जास्तीत जास्त दोन वर्षं, इथे चार. सुप्रीम कोर्टाने ती एकमताने कायम ठेवली. अमेरिकेत हेट क्राइमची वाढीव शिक्षा घटनेत बसते हे ज्या केसने पक्कं केलं त्यातला पीडित गोरा होता आणि आरोपी ब्लॅक. ही गोष्ट दोन्ही बाजूंना माहिती नसते.

मीडियाचं म्हणाल तर तुमचा राग मला समजतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शार्लट शहरात लाइट रेलमध्ये बसलेल्या २३ वर्षांच्या युक्रेनियन निर्वासित तरुणीला मागे बसलेल्या ब्लॅक माणसाने चाकूने मारलं, व्हिडिओ बाहेर येईपर्यंत राष्ट्रीय पातळीवर फारशी चर्चा नव्हती आणि लोकांनी विचारलं की वंश उलटे असते तर? प्रश्न रास्त आहे, आणि ‘असं विचारणारे सगळे रेसिस्ट’ म्हणून तो झटकणं मला अजिबात पटत नाही, एक पोरगी गेली आहे. पण त्या केसमध्ये शहराने स्वतःला विचारायचे प्रश्न होते ते असे: गंभीर मानसिक आजाराचा इतिहास आणि अनेक अटका असलेला माणूस त्याच वर्षी जानेवारीत नुसत्या लेखी हमीवर कसा सुटला, त्याला उपचाराला कुणी का नेलं नाही, गाडीत सुरक्षा का नव्हती. त्यावर नॉर्थ कॅरोलायनाने जामिनाचा कायदा कडक केलाही. सोशल मीडियावर मात्र त्याच व्हिडिओखाली साडेपाच लाखांचा तक्ता चिकटवला गेला, ज्याच्याशी त्या घटनेचा काडीचा संबंध नाही.

आणि ‘मीडिया गोऱ्या पीडितांना दाबतो’ हे जुनं म्हणून खरं धरायचं तर इतिहास उलटं सांगतो. ऑक्टोबर १९८९, बॉस्टन, चार्ल्स स्टुअर्टने आपल्या गरोदर बायकोला गोळी घातली आणि सांगितलं ब्लॅक माणसाने मारलं. पोलिसांनी मिशन हिल भागात ब्लॅक पोरांना रस्त्यात उभं करून, कपडे काढायला लावून झडत्या घेतल्या, पेपर आणि टीव्ही आठवडेच्या आठवडे तेच. जानेवारीत त्याच्या भावाने तोंड उघडलं आणि स्टुअर्टने पुलावरून उडी मारली. शहराच्या महापौरांनी माफी मागितली २०२३ मध्ये. १९८९ मध्येच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या गोऱ्या तरुणीवरच्या बलात्काराची केस, चार ब्लॅक आणि एक लॅटिनो, सगळी अल्पवयीन मुलं तुरुंगात गेली, २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब आणि डीएनए जुळला आणि शिक्षा रद्द झाल्या. १९९४ मध्ये साउथ कॅरोलायनात सुझन स्मिथ, ब्लॅक माणूस गाडी आणि दोन्ही मुलं घेऊन गेला म्हणाली, नऊ दिवसांनी कबूल केलं की मुलांना गाडीसकट तलावात तिनेच सोडलं. स्टुअर्ट आणि स्मिथ यांना हे खोटं सुचलं कारण ते चटकन विकलं जाईल याची त्यांना खात्री होती.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतोय त्याचं कारण एक चर्च आहे. १७ जून २०१५, चार्ल्सटन, साउथ कॅरोलायना, इमॅन्युएल चर्चमध्ये बुधवारचा बायबलचा वर्ग. डिलन रूफ नावाचा २१ वर्षांचा गोरा पोरगा आला, लोकांनी त्याला बसायला जागा दिली, तो त्यांच्यात जवळजवळ तासभर बसला, आणि प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटल्यावर त्याने पिस्तूल काढलं. नऊ माणसं मेली, सगळी ब्लॅक. तो इथपर्यंत कसा आला हे त्यानेच लिहून ठेवलं होतं: ट्रेव्हॉन मार्टिन या ब्लॅक मुलाला गोळी घालून मारल्याच्या केसनंतर त्याने इंटरनेटवर ‘ब्लॅक ऑन व्हाइट क्राइम’ असं शोधलं आणि त्याला गोरे-वर्चस्ववादी काउन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्सची साइट मिळाली, तिथे पानंच्या पानं अशाच खुनांची यादी. प्रत्येक खून कदाचित खरा असेल. पण त्या यादीत भाजक नव्हता, गोऱ्यांनी मारलेले गोरे नव्हते, ब्लॅक पीडित नव्हते. त्यानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी एक चित्र शेअर केलं, त्यात गोऱ्या पीडितांपैकी ८१ टक्के ब्लॅक माणसांनी मारले असा दावा आणि खाली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘क्राइम स्टॅटिस्टिक्स ब्युरो’चं नाव. असं ऑफिसच अस्तित्वात नाही. एफबीआयचा २०१४ चा आकडा १५ टक्के होता, आणि ८२ टक्के गोऱ्यांना गोऱ्यांनीच मारलेलं होतं. चित्रात हे दोन आकडे जवळजवळ उलटे केलेले होते.

आकडे मोजून खोटं उघडं पाडायचं हे काम आजचं नाही. आयडा बी. वेल्स या ब्लॅक पत्रकार बाईंनी १८९२ मध्ये, मेम्फिसमध्ये त्यांच्या ओळखीच्या किराणा दुकानदाराला आणि त्याच्या दोन साथीदारांना जमावाने मारल्यावर, लिंचिंगची, म्हणजे जमावाने खटल्याशिवाय केलेल्या खुनांची, मोजदाद सुरू केली. तेव्हा सगळे धरून चालायचे की जमाव मारतो तो गोऱ्या बायकांवरच्या बलात्काराचा बदला म्हणून. बाईंनी मुद्दाम गोऱ्यांच्याच पेपरांतल्या बातम्या घेतल्या, म्हणजे कुणाला आकडा खोटा म्हणता येऊ नये, आणि दाखवलं की बलात्काराचा नुसता आरोपसुद्धा साधारण एक तृतीयांश केसेसमध्येच आहे. त्यांच्या पेपरचं ऑफिस फोडलं, त्यांना मेम्फिस सोडावं लागलं. टस्कीगी इन्स्टिट्यूट या ब्लॅक शिक्षणसंस्थेच्या नोंदीत १८८२ ते १९६८ मध्ये ४,७४३ लिंचिंग आहेत, त्यातले ३,४४६ ब्लॅक. विरोधकांच्या स्रोतातून मोजायचं ही त्यांची रीत मी प्रत्येक नवीन अ‍ॅनालिस्टला पहिल्या दिवशी सांगतो.

तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, चर्चा उलटी चाललीये का. मला वाटतं ती अरुंद चाललीये. वंशाची रेष ओलांडणारी हिंसा हा एकूण हिंसेचा लहान भाग आहे आणि सगळा उजेड त्यावरच, कारण त्यातच दोन गट उभे करता येतात. वर्णद्वेष खरा आहे की नाही हे काही हाणामारीच्या बेरजेवरून ठरणार नाही, ते घरकर्ज, शाळा, कोर्टातल्या शिक्षा, पोलिसांची वागणूक यांत बघायचं असतं, तो वेगळा डेटा आहे आणि भरपूर आहे.

स्वतः तपासायचं असेल तर सगळं फुकट उपलब्ध आहे. सर्व्हेसाठी ब्युरोच्या साइटवर दरवर्षीचा क्रिमिनल व्हिक्टिमायझेशन रिपोर्ट बघा, त्यातला पीडित आणि हल्लेखोराच्या वंशाचा पूर्ण तक्ता, सगळ्या रकान्यांसकट, आणि शक्यतो तीन-चार वर्षांचे एकत्र. खुनासाठी एफबीआयचा क्राइम डेटा एक्सप्लोरर, २०१९ पर्यंतच्या जुन्या रिपोर्टांत एक्सपांडेड होमिसाइडचा ६ नंबरचा तक्ता. २०२१ पासून एफबीआयने जुनी पद्धत बंद करून नवी सिस्टिम लावली आणि त्या वर्षी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससकट हजारो पोलीस खात्यांचा डेटा आलाच नाही, त्यामुळे कुणी २०२१ चा आकडा २०२० ला जोडून ‘बघा वाढलं’ किंवा ‘बघा घटलं’ म्हणत असेल तर त्याला आधी विचारा की त्यात न्यूयॉर्क आहे का.